जुन्या चेतकचा फूटबोर्ड सडलाय, घरी दुरुस्त होईल का?

पागोळी (गुहागर)
बाबांची १९९८ ची बजाज चेतक, टू-स्ट्रोक. २०२३ ला पुन्हा पासिंग झालंय, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या किकला हमखास सुरू होतं. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी पडवीत असते. परवा फूटबोर्डवरचं रबरी मॅट धुवायला काढलं, तर खाली पत्र्याचे पापुद्रे सुटलेले. ब्रेक पेडलपाशी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, तो आरपार गेला. एक गॅरेजवाला म्हणतो भंगारात घाला, दुसरा म्हणतो पुट्टी भरून रंग मारून देतो. मी स्वतः एम-सील आणि फायबरचं कापड लावलं तर चालेल का? बाबा ७४ वर्षांचे आहेत, रोज बाजारात तिच्यावरच जातात. म्हणून धाकधूक वाटते.

खाडीकाठ (वेंगुर्ले)
एम-सील अजिबात नको. मोटरसायकलला नळ्यांची चासी असते, चेतकला नाही. दाबून घडवलेला पत्रा हीच तिची चासी. हँडलकडची बाजू आणि सीटकडची बाजू या फूटबोर्डनेच एकत्र धरलेली असते, मेन स्टँडसुद्धा त्याच्याच खाली आवळलेला. मी माझ्या गाडीला पुट्टी भरून बघितलीय. दुसऱ्याच पावसात पुट्टीच्या कडेने वीतभर भेग पडली, आणि ती दिसली तेव्हा मागे मुलगी बसलेली होती.

आधी सडकं किती ते बघा. पेट्रोल काढा, बॅटरी असेल तर तीही काढा, आणि जुन्या टायरवर गाडी डावीकडे आडवी करा, म्हणजे इंजिन वर राहील. फूटबोर्डवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उचकटाच, त्यांच्याखाली खारट ओल महिनोन्‌महिने बसून राहते. मग छोट्या हातोडीने इंच-इंच ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका बद्द. जुनी पुट्टी असेल तिथे लोहचुंबक धरत नाही.

बद्द वाजतो तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायचा. मी १८ गेजचा वापरला. पुठ्ठ्याचा साचा तुम्ही घरी कापून न्या, वेल्डिंग मात्र गाड्यांच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या, गॅसवर किंवा सीओटूवर. गेट-ग्रील करणाऱ्याच्या आर्कने पातळ पत्रा जळतो आणि भोक वाढतं. घासून चकचकीत केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका. आपल्या हवेत सकाळी गेरू फासल्यासारखा दिसतो. रेड ऑक्साइड त्याच दिवशी, वरून आणि खालून.

आणि एक विचारायचं राहिलं, गाडी धुता कुठल्या पाण्याने? किनाऱ्यावरच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. मी दोन वर्षं तसल्याच पाण्याने निगुतीने धूत होतो! आमचे वडील सांगायचे, 'आदी पाणी चाखून बग, मगे गाडी धू.'

सुरंगी (देवगड)
वेल्डिंगला नेण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवूनच न्या. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. मागच्या ब्रेकची केबल आणि वायरिंगही त्या भागातून बाजूला घ्या, नाहीतर आवरण वितळतं. आम्ही पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल ब्रशने मारतो.

खाडीकाठ
जळक्या ऑइलला माझा विरोध आहे. ते मागच्या ड्रमपर्यंत ओघळलं तर लायनर तेलकट होतो आणि ब्रेक लागत नाही. टायरच्या रबरालाही वाईट. त्यापेक्षा जाड ग्रीस बोटाने फक्त सांध्यांत भरा.

पागोळी
काल ठोकून बघितलं. उजवीकडे दोन हातपंजांएवढा भाग बद्द वाजतो, आणि स्टँडचा एक बोल्ट नुसत्या हाताने फिरला. डावी बाजू पक्की आहे. विहिरीचं पाणी चाखलं, आत्ताच खारटसर लागतंय. इतकी वर्षं त्याच पाण्याने बाबा तिला दर रविवारी धूत होते, मॅट न काढता. आजपासून नळाचं. बाबांना बाजारात न्यायचं-आणायचं सध्या मी बघतो. पुठ्ठ्याचा साचा कापून झालाय. पेडलच्या भोकाभोवती पत्रा आत वळवलेला आहे, तो वळ नव्या तुकड्याला द्यायचा कसा?

खाडीकाठ
तो वळ कापूच नका. भोकाभोवती बोटभर जुना पत्रा टणटण वाजत असेल तर तेवढा तसाच ठेवा आणि नवा तुकडा त्याला बाहेरून जोडून घ्या. स्टँडच्या बोल्टखाली मात्र दुहेरी पत्रा लावायला सांगा.