ऑरॅकलचं सेशन 'किल्ड' दाखवतं, पण जात नाही. काय करावं?

अबोली
मंडळी, तातडीनं सल्ला हवाय. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात डेटाबेस सांभाळते. लिनक्सवर ऑरॅकल १९सी. रात्री पावसात वीज जाऊन आली, सर्व्हर यूपीएसवर टिकला. सकाळपासून मालाची चलनं बनवणारी तीन सेशन (डेटाबेसशी जोडण्या) अडकलीत. किल सेशन दिलं, इमिजिएट लावून दिलं. 'किल्ड' दिसतं, पण लॉक (त्यांनी अडवून ठेवलेल्या नोंदी) सुटत नाहीत. माल भरलेला ट्रक गेटवर उभा आहे. साहेब म्हणतात, डेटाबेस बंद करून चालू कर. करू?

खाजन
अबोलीबाय, इतक्यात नको. 'किल्ड' ही नुसती खूण असते, आवरायचं काम त्या प्रोसेसलाच करावं लागतं. व्ही डॉलर ट्रान्झॅक्शन या व्ह्यूमधला यूज्ड यूआरईसी (उलटवायच्या नोंदींचा आकडा) मिनिटामिनिटाला बघा. आकडा उतरत असेल तर रोलबॅक (अर्धवट बदल उलटवणं) चालू आहे, हात लावू नका. मध्येच डेटाबेस शटडाउन अ‍ॅबॉर्ट केलंत तर उरलेलं रोलबॅक नंतर एसमॉन या ऑरॅकलच्या प्रोसेसच्या गळ्यात पडतं. आकडा ढिम्म असेल तर ओएसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा. किल केल्यावर सेशनचा पीएडीडीआर (प्रोसेसचा पत्ता) बदलू शकतो, म्हणून सेशन व्ही डॉलर प्रोसेसशी क्रिएटर अ‍ॅडरनं जोडा. पीआयडी दोनदा तपासा, मगच लिनक्सवरून किल -९ देऊन ती प्रोसेस सक्तीनं मारा. चुकून पीमॉन या ऑरॅकलच्या मुख्य प्रोसेसला किल -९ लागलं तर अख्खा इन्स्टन्स (चालू डेटाबेस) बसेल.

अबोली
आकडा हलत नाही. किल -९ दिलं, तरी प्रोसेस तिथंच. पीएसमध्ये (प्रोसेसच्या यादीत) स्टॅट 'डी' दिसतोय.

खाजन
मग डेटाबेस सोडा, डिस्क बघा. 'डी' म्हणजे प्रोसेस कर्नलमध्ये आयओची (डिस्कवरच्या लिहिण्या-वाचण्याची) वाट बघत झोपली आहे. ते आयओ पुरं झाल्याशिवाय सिग्नल पोचतच नाही. चलनाची फाइल कुठं लिहिली जाते? डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) मारून बघा.

अबोली
डीएफ पण लटकलं! फाइल यूटीएल फाइल या ऑरॅकलच्या सोयीनं एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) जाते, ती डिस्क देणारा नॅस गोदामात आहे. बघून येते.

मांडवीकाठ
पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हे वाचून किल -९ मारू नये. एक बॅकएंड (एका जोडणीची प्रोसेस) तसा मारला की पोस्टमास्टर (मुख्य प्रोसेस) सगळीच कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरीत जातो. आधी पीजी कॅन्सल बॅकएंड, मग पीजी टर्मिनेट बॅकएंड.

अबोली
खाजनबाब, देव बरें करूं! गोदामातला एमसीबी पडला होता. नॅस चालू झाल्यावर मिनिटभरात तिन्ही प्रोसेस गेल्या, लॉक सुटले, ट्रक निघाला. नॅसचं माउंट हार्ड (उत्तर येईपर्यंत थांबणारं) आहे, सॉफ्ट (ठरावीक वेळानं सोडून देणारं) करून ठेवू का?

खाजन
नको. सॉफ्टमध्ये टाइमआउट झाला की लिहिणं अर्धवट राहतं, फाइल बिघडते. चलन लोकल डिस्कवर लिहा आणि कमिट (डेटाबेसमधले बदल पक्के) झाल्यावर वेगळ्या जॉबनं नॅसवर न्या. आणि नॅसला आजच यूपीएस जोडून घ्या, पाऊस अजून खूप बाकी आहे.