लालबागचं घर विकून बदलापूरला जावं का?

गिरणगावची_लेक

आमची चाळ लालबागची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही वाढलो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे वॉचमनकी केली, पण घर चाललं ते आईच्या खानावळीवर. पुनर्विकास झाला आणि चौदाव्या मजल्यावर ३०५ फुटांचं घर मिळालं. संडास घरात आला! आईसाठी ते केवढं होतं, हे चाळीत सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांनाच कळेल.

आता मेन्टेनन्स महिना ४,२०० रुपये. बिल आलं की आई चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचते. लिफ्ट, पाणी, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचे पैसे). मग मला हाक मारते, "पंपाचे एवढे कसे गं?"

दादा म्हणतो, विकूया. एजंट एक कोटी दहा लाख सांगतोय. बदलापूरला पन्नासेक लाखांत टू बीएचके येईल, उरलेले बँकेत टाकू, व्याजावर आई निवांत राहील. त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, एवढे जण त्या ३०५ फुटांत झोपतो.

पण मी माटुंग्याच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजातून डिप्लोमा केला तो घरून बसने जाऊन-येऊन. अभ्यास पालिकेच्या अभ्यासिकेत, रात्री उशिरापर्यंत. एकटी चालत घरी यायचे, आईला कधी घोर लागला नाही. बाबा आजारी पडले तेव्हा केईएम हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं. आज लोअर परळला नोकरी करते, तीही जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. मी पुढे गेले त्यात माझ्या मेहनतीइतकाच या जागेचा हात आहे. तो हात माझ्या भाचीच्या डोक्यावरून काढून घ्यायचा का? दादाला हे कसं पटवू? जे गेले आणि जे राहिले, दोघांनीही सांगा.

बदलापूर_पूर्व

ताई, आम्ही परळ सोडून इकडे आलो. घर मोठं आहे, हवा आहे, मुलांना अभ्यासाला खोली आहे. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने आनंदात गेले. पण माझी बायको दादरला एका दुकानात कामाला होती. लोकलचे जाऊन-येऊन तीन तास, वर घरचं सगळं. वर्षाच्या आत तिने नोकरी सोडली. इथे तसा पगार कुठेच मिळाला नाही. घर विकून आलेल्या पैशाचं व्याज आणि तिचा बुडालेला पगार समोरासमोर मांडला तर आमच्या हातात फारसं काही राहिलं नाही. तुमच्या दादांना एकच विचारा, वहिनी काम करतात का आणि कुठे? पावसाळ्याचंही बघा. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते आमच्या शेजारचंच स्टेशन.

सेक्रेटरी_नायगाव

विकायचं ते विका, पण आधी मेन्टेनन्स तपासा. आईंचा प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे पंपाचं बिल असंच फुगलेलं. इलेक्ट्रिशियनला घेऊन मीटर रूममध्ये उतरलो तर बिल्डरने विकायला बांधलेल्या टॉवरच्या पोडियमचे दिवे आमच्या मीटरवर! पुनर्वसन विंगची, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीतली माणसं विचारत नाहीत, हे बिल्डरला पक्कं माहीत असतं. कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरने सोसायटीला दिलेली ठेव, किती आला, कुठे ठेवलाय, त्याचं व्याज कुठे जातं, हे जनरल बॉडीत लेखी मागा. हिशेब लागल्यावर आमचं बिल हजाराहून जास्त रुपयांनी कमी झालं.

साचेखाता

माझेही वडील गिरणीतलेच. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा पालिकेला आणि म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. उद्यानं गेली, कामगारांची घरं गेली. आता त्याच कामगारांना बदलापूरच्याही पुढे शेलू-वांगणीला घरं देऊ करतात. २०२५ च्या जुलैत म्हातारी माणसं आझाद मैदानात बसली ती मुंबईतच घर हवं म्हणून. जागेची किंमत त्यांना कळते. तुमच्या नावावर लालबाग आहे. एकदा विकलंत की आपल्या पगारात परत घेता यायचं नाही.

आणि विकायचंच ठरलं, तर नवीन घर आईच्या नावावर घ्या. बाकीच्या पैशाची एफडीही तिच्याच नावाने. आमच्या चाळीतल्या दोन म्हाताऱ्यांचे हाल बघितलेत, म्हणून सांगतो.

गिरणगावची_लेक

वहिनी केईएमजवळच्या दोन घरी सकाळी पोळ्या करायला जाते. महिना नऊ हजार. दादाच्या हिशेबात ही ओळच नाही! रविवारी त्याच्यासमोर मांडते. सेक्रेटरीसाहेब, मीटर रूममध्ये जायला सोसायटीचं पत्र लागतं का? नमुना असला तर इथेच टाका, आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेते.