मेंदूतला फुगा: क्लिप की कॉइल? पाहुण्यांशी भांडून मी क्लिप निवडली

बागाईतदार_तासगाव
ऑक्टोबर छाटणी चालू होती. मामा बागेतच डोकं धरून खाली बसले. "कुणीतरी दगड घातल्यागत" झालं म्हणाले. उलटी, मान ताठ. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मिरजेत सीटी काढला तर मेंदूभोवती रक्त. अँजिओग्राफीत मेंदूतल्या डाव्या मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर फुगा दिसला, म्हणजे धमनीची भिंत पिशवीसारखी फुगलेली. फुग्याची मान, म्हणजे धमनीला जोडलेलं तोंड, रुंद. सर्जन म्हणाले, कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून चिमट्यासारखी क्लिप लावू. झालं, निम्मे पाहुणे पेटले: "आता कॉइलनं बिनटाक्याचं होतंय, पुण्याला हलवा!" मी ऐकलं नाही. फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांत परत फुटायचा धोका सगळ्यात जास्त, आणि त्यात पाच तास ॲम्ब्युलन्स? क्लिप झाली. उगाच जुनाट म्हणून तिला हिणवू नका, एवढंच म्हणणं.

विश्रामबागकर
मामा बरे झाले, आनंद आहे. पण एका मामावरून नियम होत नाही. 2002 ची आयसॅट चाचणी बघा. फुटलेल्या फुग्याचे 2143 पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटलेले. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी: कॉइलच्या गटात 23.7 टक्के, क्लिपच्या गटात 30.6. जांघेतून नळी घालून प्लॅटिनमची वेटोळी, म्हणजेच कॉइल, फुग्यात भरायची, मेंदूला हात लागत नाही. अमेरिकेतले सर्जन डँडी यांनी पहिली क्लिप 1937 साली लावली. जग तिथंच थांबलंय का?

बागाईतदार_तासगाव
तीच चाचणी पुढं वाचा की दादा. तपासले 9559 पेशंट, घेतले 2143. दोन्ही उपाय चालतील असं डॉक्टरांना वाटलं, तेवढेच घेतले. बाकीच्यांचं काय करायचं हे ती चाचणी सांगतच नाही. मामांच्या फुग्याच्या मानेतूनच फांदी निघत होती. कॉइल टिकवायला धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, लागला असता, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या. मेंदूत ताजं रक्त साकळलेलं असताना! ती गुठळीही उघडल्यामुळंच काढता आली.

मिरजेची_सून
दोघांनाही थोडं थोडं. सासूबाईंचा फुगा बॅसिलर धमनीच्या टोकाला, मेंदूच्या पार तळाशी. तिथं उघडून जाणं फार जोखमीचं, सर्जननीच कॉइलकडं पाठवलं. चौथ्या दिवशी उठून चहा मागितला. पण सहा महिन्यांनी अँजिओत वेटोळी दबलेली, मानेशी परत रक्त शिरतंय. पुन्हा कॉइल. पुन्हा गाडी, पुन्हा मुक्काम, नवऱ्याची पुन्हा रजा. "बिनटाक्याचं" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही या फेऱ्या आधी सांगितल्या नव्हत्या.

विश्रामबागकर
ताई, मान्य. आयसॅटमध्येसुद्धा परत उपचार कॉइलवाल्यांनाच जास्त लागले: 17.4 टक्के, क्लिपवाल्यांना 3.8. तरी दहा वर्षांनी जिवंत आणि स्वतःचं स्वतः करणारे कॉइल गटातच जास्त निघाले. फेऱ्या त्रासाच्या, पण अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळण्यापुढं काहीच नाहीत.

वॉर्डातला_माणूस
आयसीयूत बरीच वर्षं काढली. नातेवाईक क्लिप-कॉइलवर भांडतात आणि पुढच्या पंधरा दिवसांचं कुणी विचारत नाही. ऑपरेशन कसलंही असो, चौथ्या दिवसापासून मेंदूच्या नसा आकसू शकतात, पॅरालिसिस तेव्हाही होतो. म्हणून 21 दिवस निमोडिपिन हे औषध. पहाटेचा डोस चुकवू नका म्हणून मी किती जणांवर ओरडलोय! बाकी मी एकच विचारीन: तुमच्याकडं दोन्ही करणारे डॉक्टर आहेत का? एकच येत असेल तो तेच सुचवणार. बागाईतदार, तुम्ही विचारलं होतं?

बागाईतदार_तासगाव
खरं सांगतो, नाही. तिथं कॉइलवाले डॉक्टर होते का, हे मला आजही माहीत नाही. फाट्यावरचा फुगा, रुंद मान, गुठळी हे सगळं नंतर फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा कळलं. त्या रात्री फक्त ॲम्ब्युलन्सची भीती होती.

विश्रामबागकर
म्हणजे निर्णय बरोबर, पण नशिबानं.

बागाईतदार_तासगाव
म्हणा तसं.

मिरजेची_सून
मामांचं बीपी आणि विडी?

बागाईतदार_तासगाव
बीपीची गोळी मामी समोर उभी राहून देते. विडी सोडली म्हणतात. परवा कोपरीच्या खिशात काडेपेटी सापडली. देवापुढं दिवा लावायला ठेवलीय म्हणाले.