उपासना चालू असताना चॅपल पाहायला जावे काय?

दांडियाबाजारकर: मुलीकडे लंडनला गेलो असताना सिटी रोडवरील वेस्ली चॅपल (ख्रिस्ती प्रार्थनामंदिर) पाहिले. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७७८ मध्ये ते उघडले. शेजारच्याच घरात १७९१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि समाधीही चॅपलच्या मागेच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा उपासना चालू होती, आणि चार-पाच पर्यटक मागे उभे राहून सज्जाखालच्या खांबांची छायाचित्रे घेत होते. इथे बडोद्यात मांडवीच्या विठ्ठल मंदिरात आरतीच्या वेळी असे कोणी केले, तर आपल्याला खपेल काय? ज्यांना उपासना करायची नाही, त्यांनी त्या वेळी आत पाऊलच ठेवू नये, असे माझे मत आहे.

फतेहगंजवासी: दादा, मी इथल्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळीची सभासद आहे (घरी मराठी, मंडळीत गुजराती!), म्हणून स्पष्ट लिहिते. अनोळखी माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसला तर आम्हाला आनंदच होतो. त्रास होतो तो मोबाइलचा. वेस्ली स्वतः १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या खाणकामगारांना उघड्या माळावर उपदेश करू लागले, कारण ती माणसे चर्चमध्ये येत नव्हती. त्यांच्याच चॅपलच्या दारात श्रद्धेची चौकशी करायची, हे मला उलटेच वाटते.

सुरसागरकाठचा: मी मूळ धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. तळघरातील मेथडिस्ट संग्रहालय पाहावे, वेस्लींचे घर पाहावे, रस्त्यापलीकडच्या बनहिल फील्ड्समध्ये त्यांच्या आई सुझॅना यांची कबर आहे तीही पाहावी. एवढे असताना उपासनेतच डोकावण्याचा अट्टहास कशाला? शिवाय प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी श्रद्धा नसलेल्याने नेमके काय करायचे?

फतेहगंजवासी: जागेवर शांत बसायचे, एवढेच, त्याचे कोणी वाईट मानत नाही. त्या सज्जाला पूर्वी तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेल्या जहाजांच्या डोलकाठ्यांचा आधार होता, १८९१ मध्ये त्यांच्या जागी जास्पर दगडाचे खांब आले, ही माहिती पाटीवरूनही मिळेल. परंतु सगळी मंडळी एका सुरात गाऊ लागल्यावर तोच सज्जा कसा घुमतो, हे रिकाम्या वेळी जाऊन कसे कळणार?

दांडियाबाजारकर: गाण्याचा मुद्दा मान्य आहे, ताई. आम्हीही एक भक्तिगीत संपेपर्यंत दाराशी थांबलो होतो. मात्र कॅमेऱ्यासह आत जाण्याला माझा विरोध कायम आहे.