देवस्थान न्यासाच्या जुन्या हिशेबांवरून त्याची खरी आर्थिक स्थिती कशी ओळखावी? मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावातील आमच्या वाडीच्या विठ्ठल मंदिराच्या न्यासाचे खजिनदारपद नुकतेच माझ्याकडे आले आहे. न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असून लेखापरीक्षण अहवाल वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात दरवर्षी सादर होतो, त्यामुळे प्रश्न गैरव्यवहाराचा नाही. 1995 पासूनची उत्पन्न-खर्चाची पत्रके पाहिली तर जवळजवळ दरवर्षी थोडी शिल्लक दिसते, आणि तरीही सभामंडपाच्या गळक्या स्लॅबसाठी पैसे नाहीत.

मला वाटते, मूळ दुखणे कायम निधीत आहे. जुन्या भक्तांनी, त्यांत गिरणी कामगार पुष्कळ, नंदादीप, काकडा, एकादशीचा फराळ अशा ठरावीक कारणांसाठी रकमा ठेवल्या आणि फक्त व्याज खर्चावे अशी अट घातली. नंदादीपाच्या तेलासाठी 1995 साली मिळालेले 5,001 रुपये घ्या. तेव्हा मुदत ठेवीवर 12 टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे वर्षाला सुमारे 600 रुपये, आणि तेलाचा बराच भार त्यातून उचलला जाई. आज 7 टक्के धरले तर 350 रुपये येतात. त्यात तिळाचे तेल एक-दोन लिटरच मिळते. उरलेले तेल दानपेटीतून येते, मात्र ताळेबंदात तो निधी 5,001 रुपयांचा म्हणून तसाच उभा आहे. शिल्लक दिसते तीसुद्धा दुरुस्ती पुढे ढकलल्यामुळे आणि पुजारीबुवांचे मानधन फारसे न वाढवल्यामुळे, हे मनाला अधिक लागते.

उत्पन्न वाढवण्याचे मार्गही अरुंद आहेत. न्यासाच्या दोन खोल्यांचे जुने भाडे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढवता येते आणि न्यास निव्वळ धार्मिक असल्याने देणगीदारांना देणगीवरची प्राप्तिकर सवलत (80जी) देता येत नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती, की मागील वर्षांचे आकडे महागाई निर्देशांकाने आजच्या किमतीत आणून तुलना करावी, की प्रत्येक निधीचे व्याज आणि त्याच्या कारणावरचा प्रत्यक्ष खर्च एवढेच समोरासमोर मांडावे? न झालेल्या दुरुस्तीची तरतूद त्या त्या वर्षाच्या खर्चात धरून पाहणे योग्य ठरेल का? असे लहान निधी एकत्र करण्याचा अनुभव कोणाला असल्यास, ठराव आणि परवानगीची प्रक्रिया कशी झाली तेही कृपया लिहावे. देणगीदारांची नातवंडे आजही वाडीत राहतात आणि संगमरवरी पाटीवर आजोबांचे नाव वाचतात, म्हणून त्यांना विचारल्यावाचून काहीही करण्याची माझी तयारी नाही.