लेव्ही आणि रविवारची सुट्टी

सिंगापूरमधे हेल्पर (घरात राहून काम करणारी परदेशी बाई) स्वस्तात पडते असं लोक म्हणतात म्हणून लिहितेय. नुसता पगार धरून नाही चालत हो, सरकारला महिन्याला ३०० डॉलर लेव्ही, म्हणजे हेल्पर ठेवल्याबद्दलचा कर, जाते (घरात नागरिक असलेलं लहान मूल किंवा ६७ किंवा त्यापुढचे आजी-आजोबा असतील तर ६०), शिवाय इन्शुरन्स, सहामाही मेडिकल, एजंटची फी वेगळीच. आणि त्या लेव्हीतला छदामही तिला मिळत नाही, तरी लोक तिलाच ऐकवतात की एवढे मोजतो तर रविवार कशाला पाहिजे! आठवड्याची सुट्टी २०१३ पासून कायद्यात आहे पण जादा पैसे देऊन त्या दिवशीही तिला कामाला लावता यायचं, त्यामुळे कित्येक घरांत कागदावरच राहिली, २०२३ पासून महिन्यातली निदान एक द्यावीच लागते. ५००० डॉलरच्या बाँडच्या (ती पळून गेली तर सरकार जप्त करू शकेल अशी मालकाची हमी) धास्तीने तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करणारेही आहेत, ते चक्क बेकायदेशीर आहे.

आमच्याकडची इंडोनेशियाची आहे, पोळ्या माझ्यापेक्षा गोल लाटते, पण शनिवारी रात्रीच कणीक मळून फ्रीजमधे ठेवते आणि रविवारी नऊ वाजता लिपस्टिक लावून सिटी प्लाझा मॉलला मैत्रिणींकडे पसार. फोन उचलत नाही. का उचलावा?