सावलीतली फुलझाडं खान्देशात का रुसतात? तुमचे अनुभव लिहा

जळगावची_जाई
काल कुलरची टाकी रिकामी केली आणि उरलेलं पाणी नेहमीसारखं पीस लिलीला ओतायला गेले. कुंडीच्या काठाला हात लागला तर पांढरा थर. नखाने खरवडला, पापुद्रा सुटून आला. एकदम अमळनेरच्या माहेरची मागची पडवी आठवली. तिथे आजीचा पाझरता रांजण होता, आणि रांजणाच्या बुडाशी बेगोनिया. अखजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही पोरी झोक्यावर असायचो, अंगणात पाय ठेवता यायचा नाही, पण त्या गुलाबी फुलांची एक पाकळी सुकलेली नसायची. आजीने त्याला खत घातलेलं मी कधी पाहिलं नाही.
माझी लिली उत्तरेच्या बाल्कनीत आहे. उन्हाची तिरीपही येत नाही, तरी पानांच्या कडा करपल्यात आणि दोन वर्षांत एकच फूल. मला वाटतं आपल्याकडे सावलीतल्या झाडाला ऊन नाही, कोरडी झळ आणि जड, क्षारांचं पाणी मारतं. तुमचं काय झालं, काय केलंत, सगळं लिहा.

भुसावळकर
ताई, कुलरचं पाणी बंद करा आधी! पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात. त्यावर पुन्हा बोअरचं पाणी भरायचं, म्हणजे आठवड्याने ते किती खारट होत असेल बघा. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच. माझे सहा अँथुरियम असेच गेले, फार जीव लावला होता. सातवा वाचला. वरची इंचभर माती काढली, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतलं आणि खालून सगळं वाहून जाऊ दिलं. पंधरा दिवसांनी परत. करपलेली कड हिरवी होत नाही, नवं पान कसं येतं ते बघायचं.

पारोळ्याची_सून
अगं बाई, मी आत्ताच बादलीभर ओतून आले 😢

भुसावळकर
एका बादलीने काही होत नाही ताई. नळाला पाणी आलं की धुऊन काढा.

धुळे_गच्ची
आमच्याकडे पश्चिमेची बाजू. 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावली तरी फर्न कुरकुरीत. दुपारी नेटमागे हात धरला तर भट्टीसारखी झळ. मग बारदान ओलं करून टांगलं, कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे घेऊन एकमेकींना चिकटवल्या, खाली खडी आणि पाण्याचं ताट. कुंडीचं बूड पाण्यात बुडू द्यायचं नाही, खडीवर ठेवायचं. आता नवे कोंब आलेत. आजींच्या रांजणाने हेच केलं असणार, आजूबाजूची हवा ओली ठेवली.

मोठी_वहिनी
अखजी म्हटल्यावर मला खापरावरचे मांडे आणि आमरसच दिसतो. यंदा माहेरी जाणं झालं नाही. झोका कशाला बांधायचे ग तुमच्याकडे?

जळगावची_जाई
कडुनिंबाला, वहिनी. तो रस्त्यात गेला.

मोठी_वहिनी
आमचाही 😔

चोपडा_केळीवाला
नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात का? मग लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. केळीतही दिसतं हे. चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल असं लोह) लिटरला 1 ग्रॅम, संध्याकाळी फवारा. आणि कुंडीत नुसती काळी माती भरू नका. वाळली की भेगा पडून कडेने पाणी पळून जातं, ओली झाली की चिखल, मुळांना हवा नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, विटांचा चुरा मिसळा. कोकोपीट आधी दोनदा धुवा, त्यातही मीठ असतं.

नंदुरबार_नर्स
ड्युटीवरून आल्यावर दुपारी इम्पेशन्स माना टाकून बसलेला दिसायचा. बिचाऱ्याला तहान लागली म्हणून मी रोज तांब्याभर पाणी घालायचे. एक दिवस उपटला तर मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून हातात, वास मोरीचा. मायला फोन केला. ती म्हणाली, "पानी टाकाना पहिले बोट घालीसन देख ना बेटा." आता दोन पेरं बोट घालते. ओलं लागलं तर पाणी नाही. दुपारी मान टाकतो आणि दिवस मावळला की आपोआप उभा राहतो. हे कळायला मला तीन झाडं लागली, त्यांचं अजून वाईट वाटतं.

पारोळ्याची_सून
मातीवर बारीक काळी चिलटं उडतात ती कशाची?

नंदुरबार_नर्स
माती सतत ओली राहिल्याची. वरचा थर वाळू द्या.

चाळीसगाव_काका
जाईताई, फूल न येण्याचं कारण वेगळं असेल. सावली म्हणजे अंधार नव्हे. आमची लिली जिन्याखाली तीन वर्षं नुसती पानं देत होती. खिडकीपासून दोन हातांवर, थेट ऊन नाही पण पुस्तक वाचता येईल एवढ्या उजेडात आणली, मग फुलली. ते पांढरं असतं ते पानच असतं बरं का, खरी फुलं मधल्या कणसावर. सौ.ला दाखवलं तर ती भिंग घेऊन अर्धा तास बसली होती.

शिरपूर_७
हायड्रेंजिया कोणी जगवलाय का? नाशिकहून आणलेला, मेमध्ये गेला.

धुळे_गच्ची
नाही हो. दोनदा आणला, दोनदा रडले. पावसाळ्यात तेरडा लावा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली पुरते.

जळगावची_जाई
सकाळी कुंडी धुतली. खालून आलेलं पहिलं पाणी चहासारखं, चौथ्या तांब्याला स्वच्छ. लिली खिडकीजवळ आणली आणि तिच्या शेजारी माठ ठेवला, पाझरणारा. मधोमध एक पान गुंडाळलेलं आहे, अजून उलगडलं नाही. केळीवाले दादा, फेरस साध्या कृषी केंद्रात मिळेल ना?

चोपडा_केळीवाला
मिळेल ताई. छोटी पुडी मागा.